बाई आली, बाई आल्या

बाई, एक विचारायचं राहिलं. म्हणजे विचारलं होतं, पुष्कळदा विचारलं होतं, पण दर वेळी तुम्ही वेगळंच उत्तर दिलंत, आणि त्यातलं खरं कोणतं ते सांगायला आता तुम्ही नाही. तुम्ही ते टेबल का पुसलंत?

गेल्या आठवड्यात कॉलेजात तुमची शोकसभा झाली. तुमचा एकटीचा फोटो कुणाकडेच नव्हता. शेवटी स्टाफच्या जुन्या फोटोतून कापून मोठा केला, त्यामुळे हार घातलेल्या फोटोत तुमच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे आणि तो कुणाचा यावर मागच्या रांगेत कुजबुज चालू होती. भाषणं सगळी हिंदीत. लायब्ररी कशी सांभाळलीत, किती वर्षं सांभाळलीत. प्राचार्य तुम्हाला 'कर्मठ' म्हणाले. हिंदीत कर्मठ म्हणजे कामसू, हे मला कळतं. पण मराठी कानाला ते सोवळंओवळं पाळणारी असंच ऐकू येतं. तुम्ही, ज्या उपासाच्या दिवशीही सगळ्यांदेखत शेवेचा डबा उघडायच्या! शेजारी असता तर मला कोपराने ढोसलं असतं. मी एकटीच हसले आणि मग एकटीच रडले.

सभा संपल्यावर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुम्ही रिटायर झाल्यावरही 'दो घंटे' तुम्हीच बघत होतात. कागदावर त्या योजनेचं नाव हातभर लांब आहे, शिकणाऱ्या मुलींना कॉलेजातच रोज दोन तास काम आणि त्याचा मेहनताना वगैरे. पण मुलींनी त्याचं 'दो घंटे' करून टाकलं आणि तुम्हीही तेच म्हणायचात. ते आता मी बघावं असं प्राचार्यांचं म्हणणं. शिवाय त्यांनी एक सुधारणाही ठरवली आहे. लायब्ररीतली झाडपूस कंत्राटदाराची माणसं करतील, मुलींनी फक्त कॉम्प्युटरवर पुस्तकांच्या नोंदी करायच्या. म्हणजे जागा बऱ्याच कमी होणार, आणि टायपिंग येणाऱ्या मुलींनाच घेता येणार.

"आप तो ख़ुद ही कहती थीं न, मैडम," ते म्हणाले, "बच्चियों के हाथ में पोंछा अच्छा नहीं लगता."

म्हणत होते खरी. तुमच्याशीच भांडून म्हणत होते. पण माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. सोमवारी सांगते म्हणून उठले. तेव्हापासून ते टेबल डोक्यातून जात नाही. तुम्ही ते का पुसलंत हे कळलं, तर सोमवारी काय बोलायचं ते कळेल, असं मला वाटत होतं.

मी दो घंट्यात आले तेव्हा माझ्या घरी केवढं महाभारत झालं होतं, आठवतंय ना? आजोबा नागपूरहून ऑफिसाबरोबर भोपाळला आले, बाबाही सरकारी कचेरीतच चिकटले, आणि शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये आमची दुसरी पिढी वाढली. पैशाची ओढाताण होती, पण ती शेजारच्यांना कळू न देणं हाच आमचा मुख्य खर्च होता. मी आनंदाने सांगितलं की मला कॉलेजात काम मिळालं, लायब्ररीत, रोज दोन तास. बाबांनी पेपर खाली ठेवला.

"कामाला जाऊन राहिली का तू आता? आपल्या घरची पोरगी कामाला? लोकं काय म्हणतीन?"

'नोकरीला' म्हटलं असतं तर त्यांनी पेढे आणले असते. तेच दोन तास, तीच लायब्ररी. पण नोकरीला जातो तो बाप आणि कामाला येते ती भांडी घासणारी, असा आमच्या घरात साधा हिशेब होता. मी तुमच्यापुढे येऊन रडले. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरळ आमच्या क्वार्टरवर हजर.

त्या भेटीची गोष्ट आई अजून सांगते. तुम्ही इंदूरच्या. तुमच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली की कुठून सुरू होते ते कळायचं नाही. आईने चहा दिला, बाबा ताठ बसले होते. तुम्ही कप हातात घेतला आणि म्हणालात, "बघा साहेब, मला तर असं लागतं..." तुम्हाला म्हणायचं होतं 'मला असं वाटतं'. पण आमच्या नागपुरी आईने 'लागतं' ऐकलं आणि लगबगीने साखरेचा डबा पुढे केला. तुम्ही एक चमचा घातलात. परत म्हणालात, "नाही, मला लागतं की हिला..." आईने परत डबा पुढे केला. तिसऱ्यांदा बाबाच हसले. बाबा हसले की अर्धं काम झालेलं असतं, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे, तुम्ही लगेच म्हणालात, "येऊ द्या तिला. कामच आहे, कामच म्हणा. काम म्हटल्याने कोणाचं काय जातं?"

बाबांनी परवानगी दिली, पण शब्द नाही दिला. आमच्याकडे त्या दोन तासांना 'प्रॅक्टिकल' म्हणायचं ठरलं. तीन वर्षं मी रोज प्रॅक्टिकलला गेले. एकदा काकांनी विचारलं, इतिहासात कसलं आलंय प्रॅक्टिकल? बाबा शांतपणे म्हणाले, "नवीन सिलॅबस आहे." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की वाचनकक्षातल्या मुलींनी वळून तुम्हालाच 'शूऽऽ' केलं.

'बाई' म्हणायलाही तुम्हीच लावलंत. पहिल्या दिवशी मी मॅडम म्हटलं तर म्हणालात, "मराठी आहे ना तू? मग बाई म्हण. मॅडम तर इथे ढीगभर आहेत." तुमच्या इंदूरच्या शाळेत ज्यांनी तुम्हाला वाचनाचं वेड लावलं त्यांना तुम्ही बाई म्हणायच्या, त्यामुळे त्याहून मोठी पदवी तुमच्या लेखी नव्हती. मला गंमत वाटायची. आमच्याकडे शाळेतल्याही बाई आणि धुण्याभांड्याचीही बाई. मग माझ्या लक्षात आलं की सगळा फरक क्रियापदात आहे. शाळेतल्या बाई आल्या, आणि भांडी घासणारी बाई आली. मी मोठा शोध लागल्यासारखी तुम्हाला सांगायला आले.

तुम्ही म्हणालात, "असं? मग उद्या घरी म्हणून बघ. भांडीवाली आली की आईला सांग, बाई आल्या. बघ काय होतं."

मी खरंच म्हणून बघितलं. आई आतून हात पुसत धावत आली, जाता जाता सोफ्याचं कव्हर सारखं केलं आणि कुजबुजली, "कोण आल्या? आणि तू मला आधी नाही सांगत?" दारात आमची नेहमीचीच बाई उभी होती. तीही गोंधळली. तिला वाटलं, घरात दुसरं कुणी आलंय आणि आपण नंतर यावं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. नुसतं "हूं" म्हणालात.

आणि मग ते टेबल.

आमचं पहिलंच वर्ष, ॲडमिशनचे दिवस अजून चालू होते. मी शिडीवर, वरच्या कप्प्यातली पुस्तकं उतरवत होते. राजकुमारी खाली फरशीवर बसून पुस्तकांच्या पाठीला नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. राजकुमारी माझ्याच वर्षाची, कोटऱ्याच्या वस्तीतून यायची. कमी बोलायची, आणि बोलली तरी फरशीकडे बघून. तुम्ही नेहमीप्रमाणे खांद्यावर फडकं टाकून आमच्याबरोबर धूळ झटकत होतात. नव्या आलेल्या एका मुलीची आई आत आली. गॉगल डोक्यावर, हातात गाडीची किल्ली. नेमकं त्याच वेळी मी वरून ओरडले, "बाई, हे कुठे ठेवू?"

तिने माझ्याकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं, खांद्यावरच्या फडक्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाई, ज़रा ये टेबल पोंछ दो. और पानी भी पिला देना."

मला वाटलं, आता बघ मजा. तुम्ही प्राध्यापकांनासुद्धा उशिरा पुस्तक आणलं म्हणून दारात उभं करायच्या. पण तुम्ही खांद्यावरचं फडकं काढलंत आणि टेबल पुसलंत. कोपरेसुद्धा. मग माठातलं पाणी आणून दिलंत. तिने दोन घोट घेतले आणि विचारलं, "लाइब्रेरियन मैडम कब तक आएँगी?"

"आ ही गईं समझिए," म्हणालात आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन आपल्या खुर्चीत बसलात. चष्मा लावलात. "बोलिए."

त्या बाईंचा चेहरा मी शिडीवरून पाहिला. उरलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं. माफी मागायला लागल्या, सॉरी मॅडम, मुझे लगा, वो उस बच्ची ने बाई बोला तो. तुम्ही म्हणालात, "अरे, माफ़ी किस बात की? टेबल गंदा ही था." आणि त्यांच्या मुलीला कोणते विषय घ्यायचे आहेत ते विचारायला लागलात.

त्या गेल्यावर मी शिडीवरून उतरून तुमच्याशी भांडले. तुमचा अपमान झाला होता आणि तो माझ्या तोंडच्या शब्दाने झाला होता, याचा मला संताप आला होता. तुम्ही तिला सांगितलं का नाही? तुम्ही म्हणालात, "टेबल खरंच घाण होतं ग." दुसऱ्या दिवशीपासून मी तुम्हाला मॅम म्हणायला लागले, तर तुम्ही ऐकूच आलं नाही असं दाखवायच्या. "कोण मॅम? शोधून आण." शेवटी मीच थकले. हिंदी मुलींनी मात्र मधला रस्ता काढला, त्या 'बाई-मैम' म्हणायला लागल्या आणि ते नाव तुम्हाला कायमचं चिकटलं.

नंतर विचारलं तेव्हा तुमचं उत्तर बदललेलं. "पाहुणी होती. पाहुण्याने पाणी मागितलं तर काय ओळखपत्र दाखवायचं?" मी एम. ए. झाल्यावर विचारलं तेव्हा, "फडकं खांद्यावर असताना कोणी पुस म्हटलं तर माणूस काय करेल, गाणं म्हणेल?" आणि मी याच कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा एका दुपारी तुम्ही आपणहून म्हणालात, "मला बघायचं होतं, ती पुढे काय काय सांगते." हे उत्तर मला सगळ्यात आवडलं होतं आणि त्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास बसला होता. कारण ते अगदी तुमच्यासारखं होतं. भोचक तर तुम्ही होतातच! त्याशिवाय का रोज दोन तास संपले की आम्हा मुलींना टेबलाभोवती गोळा करून विचारायच्या, "आज काय निघालं?" परत आलेल्या पुस्तकांतून निघायचं ते. केसाची पिन, बसचं तिकीट, गोळ्यांचं रिकामं पाकीट, लग्नपत्रिकेचा तुकडा. पुस्तक कुणी नेलं होतं, पिन त्या पानावर का अडकली असेल, ती तिथेच का थांबली असेल. त्या गप्पांत माझ्यातली इतिहासवाली घडली, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. वर्गात मी जे शिकवते त्यातलं बरंचसं त्या पिनांवर उभं आहे.

आणि तरीही फडक्यावरून आपलं कधी जमलं नाही. तुम्ही म्हणायच्या, धूळ पुसल्याशिवाय पुस्तक हातात येत नाही, आणि हातात आल्याशिवाय उघडत नाही. मी म्हणायचे, बाई, ह्या मुली घरीही फडकंच मारून येतात हो. सकाळी घर पुसायचं, दुपारी कॉलेज पुसायचं, मग शिकायचं कधी? त्यांना खुशाल कॉम्प्युटरवर बसवा, निदान दोन तास तरी त्यांना साहेबासारखं वाटू दे. तुम्ही म्हणायच्या, साहेब झाल्यावर धूळ कोण पुसेल? मी म्हणायचे, तुम्ही. असं ते चालायचं, वर्षानुवर्षं, चहाबरोबर. मी या कॉलेजात अजून 'अतिथी विद्वान' आहे, म्हणजे विद्वानही अर्धी आणि पाहुणीही अर्धी. पुढच्या सत्रात बोलावतील की नाही ते त्यांनाच माहीत. त्यामुळे माझं काही कुणी ऐकत नव्हतं आणि भांडणाला धार येत नव्हती. आता एकदम माझं ऐकलं गेलं, तर भांडायला तुम्ही नाही.

शेवटचं भांडणही अर्धंच राहिलं. नेहरू नगरला तुमच्या घरी आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, हात बारीक झाले होते आणि पथ्याच्या भातावर चोरून शेव टाकायचा प्रयत्न चालला होता. तुमचा भाचा स्वयंपाकघरात गेल्याची संधी साधून. मला म्हणालात, "दो घंटे तू बघशील ना?" मी म्हटलं, "फडकं काढणार असाल तर बघते." मला वाटलं तुम्ही चिडाल, थोड्या ताज्यातवान्या व्हाल. तुम्ही हसलात. "नंतर भांडू. आत्ता दम नाही." नंतर हा शब्द मी तेव्हा सहज ऐकला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. "मावशी चालली गेली," तो म्हणाला. तुमच्या इंदुरी मराठीत. मला क्षणभर कळेना, कुठे चालली गेली.

तर शनिवारी मी जवाहर चौकात गेले, राजकुमारीकडे. तिचं तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत होतं; तुम्ही भोपाळभरच्या पोरींना तिच्याकडे पाठवायच्या. दुकान बोळकंडीएवढं, पण गर्दी बघा. आता ती फरशीकडे बघून बोलत नाही; मी कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मला मात्र मैम म्हणते. गिऱ्हाईकांना दटावून फोटो परत काढायला पाठवते. तिच्याकडे जायचं खरं कारण असं, की टेबल पुसलं त्या दिवशी तीही तिथे होती, आणि मला एकदम वाटलं होतं, तुम्ही ते तिच्यासाठी केलंत. तिची आई नेहरू नगरमध्ये घरकाम करायची, हे मला पुष्कळ नंतर कळलं होतं. 'मैं बाई नहीं हूँ' असं तुम्ही ठणकावून सांगितलं असतंत, तर ते त्या बाईपेक्षा फरशीवर बसलेल्या मुलीलाच लागलं असतं. मला ही माझी उकल फार पटली. मी जवळजवळ विजयी मुद्रेने तिला सांगितली.

राजकुमारी म्हणाली, "नहीं मैम. उनको कहाँ पता था तब? मैंने तो किसी को बताया ही नहीं था."

माझी उकल तिथेच कोसळली. तिने चहा मागवला. मी मग प्राचार्यांची सुधारणा सांगितली आणि विचारलं, फडकं ठेवू की काढू?

"काढून टाकाल तर माझ्यासारखी येईल कुठून?" तिने हे मराठीत विचारलं. तुमच्या लायब्ररीत तिने तेवढं मराठी उचललं होतं, थेट इंदुरी. मग हिंदीवर आली. "मैं तो पोंछे से ही अंदर आई न मैम. टाइपिंग तो बाद में आप लोगों ने सिखाई. पहले दिन कोई पूछता कि कंप्यूटर आता है क्या, तो मैं गेट से ही लौट जाती." आणि म्हणाली, "लेकिन मुझे पोंछा अच्छा भी नहीं लगता था. एक दिन भी नहीं."

म्हणजे आपण दोघी बरोबर होतो, बाई, आणि इतकी वर्षं भांडताना आपल्यापैकी एकीनेही तिला विचारलं नव्हतं. मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं.

पुढची गोष्ट तिने मी उठता उठता सांगितली. त्या टेबलाच्या दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे आली होती. रात्री घरी तिने आईला सगळं सांगितलं होतं, आणि सकाळी धीर करून तुम्हाला म्हणाली, "मेरी मम्मी भी बाई हैं."

आणि तुम्ही विचारलंत, "अच्छा? कौन से स्कूल में?"

मी उठता उठता परत बसले. राजकुमारीच्या तोंडून निघून गेलं, "नेहरू नगर में." तुम्ही म्हणालात, "अरे, मैं भी तो वहीं रहती हूँ. कौन सा?" ती म्हणाली, "छोटा सा है, आपको पता नहीं होगा." तुम्ही म्हणालात, "अच्छा." आणि पुस्तकं लावायला लागलात.

"फिर?" मी विचारलं.

"फिर कुछ नहीं. फिर कभी पूछा ही नहीं."

बाई, इथे मला काहीतरी दिसतंय. पिन कुणाच्या केसातली याचा दोन-दोन दिवस माग काढणाऱ्या तुम्ही. नेहरू नगरच्या गल्लीगल्लीत तुमची ओळख. तुम्हाला माहीत नसलेली शाळा तुमच्या घराशेजारी निघते, आणि तुम्ही दुसरा प्रश्न विचारत नाही? हे तुमच्यात बसतच नाही. की बसतं? शेवटी तुम्ही इंदूरच्या शाळेतल्या. 'बाई' म्हटलं की तुम्हाला आधी खडू दिसायचा. खरंच तसं ऐकू आलं असेल आणि नंतर घाईत विसरलाही असाल. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आहे आणि दोन्ही बाजूंना तुम्हीच दिसता.

राजकुमारीने ते खोटं तीन वर्षं सांभाळलं. तुम्ही तिच्या आईला नमस्कार पाठवायच्या, ती घरी जाऊन पोचवायची. शिक्षक दिनाला गुलाबाचं फूल पाठवलंत, तर तिने तेही नेऊन दिलं. आईने विचारलं, मुझे क्यों? आई कॉलेजात यायचं नावच काढत नव्हती. मग निकालाच्या दिवशी मात्र आली. न सांगता, कामावरून परस्पर, पदर खोचलेला तसाच, पायात रबरी चपला. लायब्ररीच्या दारात उभी राहिली. राजकुमारी म्हणाली, "मैम, मेरी तो जान निकल गई. सब झूठ सामने खड़ा था."

तुम्ही वर बघितलंत. क्षणभर बघत राहिलात. मग टेबलामागून उठून पुढे आलात, आपली खुर्ची ओढून तिच्यासमोर केलीत आणि म्हणालात, "आइए बाई, बैठिए."

हिंदीत असं वाक्य नाही, बाई. 'बाई'पुढे 'बैठिए' मी या शहरात कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ते आपल्या शाळेतलं मराठी तुम्ही तसंच्या तसं हिंदीत उतरवलंत. बाई आल्या, बसा. राजकुमारीच्या आईला जन्मभर ज्यांनी ज्यांनी बाई म्हणून हाक मारली, त्या प्रत्येकाने काहीतरी उचलायला, घासायला, पुसायला सांगितलं होतं. त्या शब्दापाठोपाठ बसायला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. ती बसली नाही लगेच. राजकुमारी म्हणाली, "मम्मी ने पहले पीछे मुड़के देखा, कि किससे बोल रही हैं."

मग बसली. तुमच्या खुर्चीत. तुम्ही तिच्यासमोर उभ्या राहून राजकुमारीचे मार्क वाचून दाखवलेत.

टेबल का पुसलंत ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित ते खरंच घाण होतं. पण सोमवारी काय बोलायचं ते कळलं. मी प्राचार्यांना सांगितलं की दो घंटे मी बघते, फडकं राहील, जागा आहेत तेवढ्याच राहतील, टायपिंग येणारी आणि न येणारी दोन्ही येतील, आणि धूळ पाळीपाळीने सगळ्या पुसतील, त्यात मीही. त्यांनी मान डोलावली. मग मी म्हटलं, आणि मुलींना बसायला खुर्च्या हव्यात. वाचायला येणाऱ्यांसाठी आहेत, काम करणाऱ्यांसाठी एकही नाही, त्या फरशीवर बसतात नाहीतर शिडीच्या पायरीवर. टेबलाशी बसतील अशा, पाठ असलेल्या.

"कुर्सियाँ?" ते म्हणाले. "मैडम, वो तो काम करने आती हैं."

तिथून जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. आज अकाउंट्सवाल्यांशी वाजलं, उद्या पुन्हा जाणार आहे. मी अतिथी आहे याची आठवणही त्यांनी करून दिली, तरी जाणार आहे. भांडायला मी आहे आता. तुम्ही बसा, बाई.